ओल्या चादरीचा तंबू

एसीच्या खालच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढा एक दिवा होता. खोलीत माणूस असला की तो हिरवा असे, शंका आली की पिवळा होई, आणि खोली रिकामी असल्याची खात्री पटली की विझून जाई. पल्लवी भावाच्या घरी पाण्याचा ग्लास घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि त्या दिव्याकडे पाहत होती. दिवा पिवळा होता. खोलीत तर तिचे बाबा होते. दोन खुर्च्यांच्या पाठींवर भिजवलेली जाड सोलापुरी चादर टाकून त्यांनी तंबू केला होता, आणि त्या तंबूत फरशीवर आडवे पडून ते सरकारला शिव्या देत होते.

"जन्मभर कोळसा आम्ही जाळला. बॉयलरपुढे आम्ही भाजलो. अन् आता आम्हालेच हवा मोजून देऊन राहिले! मतं मागाले येतात तेव्हा बरे घामाघूम होऊन येतात. तेव्हा नाही लागत त्यांना एसी!"

पल्लवीने एक पाऊल आत टाकलं. दिवा हिरवा झाला. ती मागे सरकली, थोडी थांबली. पुन्हा पिवळा. वर्ध्याच्या कॉलेजात ती भौतिकशास्त्र शिकवत असे. एखादी गोष्ट एकदा घडली की ती योगायोग समजायची आणि पुन्हा करून पाहायची, ही तिची जुनी सवय. आणखी एकदा पाऊल टाकणार, तेवढ्यात तिची भावजय स्नेहल आतून तरातरा आली.

"बाबा! परत? ओलं काही नको म्हटलं ना तुम्हाला! एसी बंद पडतो मग!"

तिने चादर ओढून काढली, पिळली आणि बाल्कनीत नेऊन टाकली. बाबा उघड्यावर पडले. मग उठून दिवाणावर जाऊन बसले आणि छताकडे बघत म्हणाले, "या सरकारले माणसाची किंमत नाही."

तो तंबू पल्लवीच्या ओळखीचा होता. चंद्रपूरच्या क्वार्टरमध्ये दुपारी वीज जायची, तेव्हा पाळी संपवून आलेले बाबा अशीच चादर भिजवत, खुर्च्यांवर टाकत, आणि ती आणि धाकटा भाऊ तुषार त्याखाली शिरून झोपत. वीज केंद्राच्या धुराड्याखाली राहणाऱ्यांनाही तेव्हा वीज मिळत नसे. शिव्याही तेव्हापासूनच्याच.

आता वीज जात नसे. ती वाटून मिळे.

मे महिन्यात विदर्भातली हवा कोरडी असायची, तोवर कूलर पुरत असे. पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता शोषून घेतं. कूलर चालतो तो तेवढ्यावरच. पण वाफ होण्यासाठी हवेत जागा लागते. समुद्र तापले, दमट वारे मे महिन्यातच इथवर येऊ लागले, आणि कूलर नुसता ओला वारा फेकू लागला. अंगावरचा घामही वाळेना. घाम वाळला नाही तर निरोगी माणूससुद्धा सावलीत बसल्या बसल्या मरू शकतो. घरोघरी एसी आले. सगळे एसी एकदम चालतील एवढी वीज कुठेच नव्हती. तेव्हा सरकारने शीतहक्क योजना आणली.

योजना कागदावर वाईट नव्हती, आणि पल्लवीला त्याचाच राग जास्त येई. दुपारच्या वेळात प्रत्येक एसीवर वीज कंपनीचा ताबा. कोणाला किती गारवा द्यायचा हे शरीराच्या गरजेवरून ठरणार: तान्हं मूल, गरोदर बाई, हृदयरोगी, सत्तरीपुढचा माणूस ज्या घरी, त्या घराला आधी. मात्र तो माणूस खरोखर खोलीत हवा. त्यासाठी प्रत्येक एसीत एक छोटा रडार बसवलेला होता. लोक त्याला 'डोळा' म्हणत. मिलिमीटरभर लांबीच्या लहरी तो खोलीभर फेकतो. श्वासागणिक छाती जराशी वर-खाली होते, तिच्यावरून परतणाऱ्या लहरींत तेवढाच फरक पडतो, आणि डोळ्याला कळतं की इथे एक जिवंत माणूस आहे. पंख्याची आणि पडद्यांची हालचाल सोडून द्यायला त्याला शिकवलेलं होतं.

परिणाम व्हायचा तो झाला. गावोगावची म्हातारी माणसं शहरात आणली गेली. वधुवर मेळाव्यांत 'घरात वडीलधारी आहेत का' असं विचारू लागले, आणि उत्तर 'आहेत' असावं अशी इच्छा धरू लागले. आई गेल्यावर बाबांना ठेवायला तुषारचा नागपूरचा फ्लॅट लहान होता, म्हणून ते वर्ध्याला पल्लवीकडे होते. योजना आली त्या उन्हाळ्यात तोच फ्लॅट मोठा झाला. तुषार स्वतः गाडी घेऊन वर्ध्याला आला, आणि "पोरगा न्यायला आला" म्हणून बाबांनी शेजारच्या चार घरी सांगून बॅग भरली. तेव्हापासून रीतच पडली. चैत्रात नागपूर, पाऊस लागला की परत वर्धा. बाबांचा दिवाण हॉलच्या मधोमध मांडलेला असे, म्हणजे हॉल गार राही. बेडरूमची दारं हॉलमध्ये उघडी ठेवत. खिडक्यांच्या फटी पट्ट्या लावून बुजवल्या होत्या.

त्या दिवशी निघताना पल्लवीने दरवर्षीचा प्रश्न विचारला. "बाबा, माझ्याकडेच राहा ना कायमचे. उन्हाळ्यातसुद्धा."

"बघू," बाबा म्हणाले. हेही दरवर्षीचंच. मुलगा असताना बापाने मुलीच्या घरी बाराही महिने राहायचं, हे त्यांच्या तोंडून निघत नसे. वर्ध्याला ते राहत, पण पाहुण्यासारखे. बॅग कधी पुरती रिकामी करत नसत.

लिफ्टपाशी तिने भावाला गाठलं. "तुषार, चादर ओली असली की डोळ्याला बाबा दिसत नाहीत. मी आत्ता पाहिलं. कळवा कोणाला तरी."

"म्हणून तर ओलं नको म्हणतो ना आम्ही," तुषार म्हणाला. "तक्रार केली तर ते लोक येतात, महिनाभर यंत्र काढून नेतात. मे महिन्यात? ताई, तू पण ना!"

तिने पुढे वाद घातला नाही. बस पकडायची होती.

दहा-बारा दिवसांनी तुषारचा फोन आला. बाबा दवाखान्यात होते.

झालं होतं ते असं. स्नेहलच्या मावसभावाचं लग्न भंडाऱ्याला होतं. एवढ्या उन्हात बाबांना कुठे न्यायचं, म्हणून त्यांना घरी ठेवलं. ते असले की एसी चालूच राहणार. सोलापुरी चादर स्नेहलने कपाटाच्या वरच्या फळीवर टाकून दिली होती, त्यांचा हात पुरू नये म्हणून. दुपारी शहरावरचा भार वाढला आणि कंपनीने सगळ्यांचाच गारवा थोडा कमी केला. बाबांना उकडू लागलं. त्यांनी दिवाणावरची चादर काढली, नळाखाली धरली, खुर्च्यांवर टाकली आणि खाली जाऊन पडले. सुरुवातीला फार बरं वाटलं असणार. एसीची हवा कोरडी असते, तिच्यात ओली चादर झकास गार होते. पण दिवा पिवळा झाला, मग विझला, आणि एसी थांबला. फटी बुजवलेल्या खोलीत चादरीचं पाणी हवेत भरत गेलं, भरत गेलं, आणि मग ते जायला जागा उरली नाही. बाबांचा घाम वाळायचा थांबला. संध्याकाळी पोळ्या करायला येणाऱ्या मावशींनी दार उघडलं तेव्हा आतून भट्टीवरचं झाकण काढल्यासारखी वाफ अंगावर आली, असं त्या सांगत होत्या. बाबा बरळत होते. अंग चिंब आणि तापलेलं होतं.

ते वाचले. बर्फाच्या पिशव्या लावलेल्या, हाताला सलाइन, ओठ फाटलेले. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य त्यांनी पल्लवीकडे पाहून उच्चारलं, अगदी हळू.

"या सरकारले काही पडलेली नाही."

त्याच वेळी तुषार दारातून आत येत होता. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, डोळे मिटले आणि पुन्हा म्हणाले, "खुशाल सोडून जातात माणसाले."

पल्लवी खुर्चीवरून उठून खिडकीशी गेली. लहानपणापासून ती बाबांची कुरकूर ऐकत आली होती. रस्ते, पाणी, पेन्शन, वीज. सरकार बदललं तरी शिव्या बदलत नसत, याची घरात सगळे चेष्टा करत. गेल्या काही उन्हाळ्यांत त्या शिव्या कोणाच्या वाट्याच्या होत्या हे मात्र कोणी पाहिलं नव्हतं. तिनेही नाही. मुलाला एक शब्द बोलता येत नव्हता, म्हणून हा माणूस दिवाणावर बसून दिवसभर मंत्रालयाला बोलत होता. तिला इतका राग आला की खिडकीचा गज धरलेला हात दुखू लागला.

"ताई, जरा बाहेर ये," तुषार म्हणाला.

बाहेर बाकावर बसून त्याने मोबाइल पुढे केला. शीतहक्क कक्षाकडून नोटीस आली होती. 'नोंदणीकृत ज्येष्ठ नागरिक सदर पत्त्यावर आढळले नाहीत. दुपारपासून सायंकाळपर्यंत खोली रिकामी होती. हक्क स्थगित.'

"बघितलंस? म्हणतात म्हातारा खोटा दाखवला! आपला बाप खोटा?" तुषारचा आवाज चढला. "काय सरकार आहे! पोरांना दोन दिवसांपासून घामोळं आलंय. तुला ते चादरीचं माहीत आहे ना? तू चल माझ्यासोबत. तू सांगितलंस तर ऐकतील. तू फिजिक्सची आहेस."

पल्लवीने त्याच्याकडे नीट पाहिलं. "आणि सिद्ध झालं की?"

"की काय? हक्क चालू होईल. डॉक्टरांनी सोडलं की बाबा घरी येतील. चादरी-बिदरी सगळ्या कुलपात ठेवू."

पल्लवीने नोटीस पुन्हा वाचली. सिद्ध केलं तर बाबा पुन्हा त्या दिवाणावर. नाही केलं, तर बाबा त्या दुपारी तिथे नव्हतेच, हे कायम होणार. आणि विदर्भात चादर भिजवून पडणारे बाबा काही एकटेच नव्हते.

"येते," ती म्हणाली.

शीतहक्क कक्षात उमरेडकर नावाचे अधिकारी होते. काचेची केबिन, गार हवा, वर हिरवा दिवा. ज्येष्ठ नागरिकाने स्वतः हजर राहायचं असा नियम होता, म्हणून बाबांना चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं.

"बसा म्याडम. हे बघा, आमचं यंत्र खोटं बोलत नाही," उमरेडकर म्हणाले. "परदेशात चाचणी झालेली आहे. झोपलेलं मांजरसुद्धा सापडतं त्याला."

"ओल्या चादरीखाली ठेवलं होतं का मांजर?" पल्लवीने विचारलं.

"अं?"

"या लहरी कोरड्या कापडातून आरपार जातात. कपडे, पांघरूण, काही अडत नाही. पाण्यातून जात नाहीत. पाण्याचा केसभर थर असला तरी अर्ध्याअधिक लहरी तो गिळतो, उरलेल्या परत फेकतो. भिजलेली जाड चादर म्हणजे यंत्रासाठी भिंत. ती हलली तर ते म्हणतं, पडदा हलतोय. ज्या देशात चाचणी झाली तिथे कोणी चादर भिजवून तिच्याखाली झोपत नसेल. इथे झोपतात. पिढ्यान्‌पिढ्या."

"तोंडी सांगून काय होतं, म्याडम?"

पल्लवीने पिशवीतून सोलापुरी चादर काढली. "बेसिन कुठे आहे?"

"काय करता काय!"

"तुम्ही सगळे बाहेर थांबा. काचेतून बघा."

उमरेडकर "अहो, फाइली भिजतील," म्हणत राहिले. चाकाच्या खुर्चीतून बाबा एकदम म्हणाले, "भिजू द्या साहेब. तशाही धूळच खाऊन राहिल्या त्या." बाहेरचा शिपाई हसला. तेवढ्यात पल्लवी चादर भिजवून आलीसुद्धा.

केबिनमध्ये ती एकटी राहिली. दोन खुर्च्या पाठीला पाठ करून जरा लांब ठेवल्या, चादर टाकली, आणि साडी सावरून खाली फरशीवर जाऊन पडली. ओल्या सुताचा वास आला. चंद्रपूरच्या दुपारचा वास. चादरीतून उतरणारा गारवा कपाळावर बसला आणि क्षणभर तिला खरोखर झोप यावीशी वाटली. बाबांनाही असंच वाटलं असणार. मग एसीचा आवाज एक पायरी उतरला. आणखी एक. बारीक खटका झाला आणि खोलीत शांतता पसरली.

ती मुद्दाम उठली नाही. हवा थांबली होती. चादर अजून ओलीच होती, पण गारवा कपाळावरून निघून जात होता, जणू कोणी हळूच हात काढून घेतला. मानेखाली घाम साचू लागला. काचेवर कोणीतरी टकटक करत होतं. तिला वाटलं, अजून थोडं पडून राहावं. बाहेर सगळे उभे आहेत, दार उघडं आहे, हे आपल्याला माहीत आहे. बाबांना तेवढंही नव्हतं.

ती बाहेर आली तेव्हा व्हरांड्यात उमरेडकरांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"विझला," ते म्हणाले. "विझला खरा."

"आता तसं वर कळवा. सगळ्या घरांसाठी. आणि या नोटिसा परत घ्या."

"कळवतो. कळवावंच लागेल." उमरेडकरांनी कपाळ पुसलं, सगळ्यांना घेऊन आत आले, खुर्चीत बसले, एसी सुरू झाला आणि त्यांच्यातला अधिकारी जागेवर आला. "मात्र म्याडम, याचा अर्थ ग्राहकाने उपकरणाच्या कामात अडथळा आणला असा होतो. तसंच परिपत्रक काढावं लागेल. ज्येष्ठांनी संवेदकाच्या कक्षेत ओले वस्त्र वापरू नये."

"म्हणजे यंत्र आंधळं आहे म्हणून माणसाने कोरडं राहायचं?"

"यंत्रं लाखो आहेत. बदलणार कसे? हां, खोलीत दुसरं कोणी कोरडं माणूस असलं तर प्रश्नच येत नाही. त्याला बघून एसी चालतो."

"प्रश्न येतच नाही," पल्लवी म्हणाली. ती तुषारकडे वळली. आवाज चढला नव्हता, म्हणून तो दचकला. "ऐकलंस? एक माणूस शेजारी बसला असता तरी पुरे होतं. खोली रिकामी आहे असं यंत्र म्हणालं. बाबांच्या बाबतीत ते चुकलं. तुमच्या बाबतीत बरोबर होतं."

"ताई, लग्न होतं गं! एक दिवस!"

"आणि बाकीचे दिवस? चादर ओढून घेत होतात तेव्हा? त्या चादरीखाली तूही झोपला आहेस तुषार. तुझ्या बाजूला पाणी कमी पडलं म्हणून ते पुन्हा उठून भिजवायचे. तुला दिवाणावर बाप नको आहे, मीटर हवा आहे."

"इथे नको ना," तुषार पुटपुटला.

"घरचं घरी बघा बुवा," उमरेडकर घाईने म्हणाले. "हक्क पुन्हा चालू करतो, वचनपत्र द्या की ओलं वापरणार नाही. अन् आजोबा, तुम्ही कुठे राहता ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं. आवाजाची नोंद होते. दुसऱ्याने सांगून चालत नाही."

त्यांनी टेबलावरचा छोटा माइक बाबांपुढे सरकवला. दरवर्षी चैत्रात बाबा याच माइकपुढे 'मुलाकडे' म्हणत आणि लगेच अभिमानाने तुषारकडे पाहत.

बाबांनी घसा साफ केला. "हे सरकार," त्यांनी सुरुवात केली, "म्हाताऱ्या माणसाले..."

"आजोबा, फक्त पत्ता."

"सांगा ना बाबा," तुषार खुर्चीपाशी वाकला. "दरवर्षी सांगता तसंच. पोरं वाट बघून राहिली तुमची."

बाबांनी वर दिव्याकडे पाहिलं. तो हिरवागार होता. मग टेबलाच्या कडेवर लोंबणाऱ्या, टपटप गळणाऱ्या चादरीकडे. दरवर्षी विचारलेला प्रश्न पल्लवीने आज विचारला नाही.

"सरकारचं राहू दे," बाबा म्हणाले. माइक त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता, पण बघत होते ते तुषारकडे, आणि आवाज बॉयलरच्या गोंगाटातून हाक मारावी तसा मोठा निघाला. "तुषार, मी तुझ्याकडे येणार नाही आता. घ्या लिहून साहेब. वर्धा. मुलीचं घर. बाराही महिने."